ऑक्टोबरची तोंडी परीक्षा

आमच्या घरी भुताचे सिनेमे दुपारी, जेवणं आटोपल्यावर बघायची पद्धत होती. रात्री लावले तर बाबांना झोप लागत नसे, आणि बाबांना झोप लागली नाही की ते घरभर फिरून नळ नीट बंद आहेत का ते बघत बसत. म्हणून शनिवारी-रविवारी आई बैठकीच्या खोलीतल्या पट्ट्यांच्या पडद्याची दोरी ओढायची आणि म्हणायची, "चला, लावा भुताला." शिकागोजवळच्या शॉमबर्गमधलं आमचं अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर होतं, पार्किंगच्या बाजूला. बाहेर लख्ख ऊन असायचं. खाली कोणीतरी गाडीतून किराणा उतरवत असायचं, वाळलेली पानं उडवायचं मशीन घूं घूं करत असायचं, आणि आत टीव्हीवर एखादी बाई मेणबत्ती घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरत असायची. भुताचा सिनेमा म्हटलं की लोकांना अंधार आठवतो. मला कार्पेटवर पडलेल्या उन्हाच्या रेघा आठवतात आणि तळणीचा वास.

तळणीचा वास यायचा, कारण बाबा स्वयंपाकघरात असायचे. त्यांना ते सिनेमे बघवत नसत. हे ते कबूल करत नसत. "मला भीती नाही वाटत, मला ते आवडत नाही," असं म्हणायचे आणि रक्त दिसायच्या आधीच, नुसतं संगीत बदललं तरी उठून जायचे. दिवाळी जवळ आलेली असायची, तेव्हा निमित्त तयारच होतं. आईने भाजणी भिजवून सोऱ्यात भरून ठेवायची आणि बाबांनी चकल्या पाडून तळायच्या. त्यांच्या चकल्या आईच्यापेक्षा चांगल्या व्हायच्या, कारण ते गॅस कमी-जास्त करण्यात मनापासून लक्ष घालत. पलीकडे काय चाललंय ते ऐकू येऊ नये हा त्यातला मुख्य उद्देश. कढईतला धूर वाढला की छतावरचा अलार्म केकाटायचा, मग मी उठून त्याच्याखाली टॉवेल हलवायचे. सिनेमातली बाई किंचाळतेय की अलार्म, हे काही वेळा पटकन कळायचं नाही.

हे सगळं आम्ही हौसेने सुरू केलेलं नव्हतं. बाबा एका विमा कंपनीत प्रोग्रॅमर होते. त्या उन्हाळ्यात त्यांच्या मॅनेजरने, म्हणजे ग्रेगने, त्यांच्या कामाचा वार्षिक अहवाल दिला. काम उत्तम, वेळेवर, चुका नाहीत. फक्त टीममध्ये आणखी मिसळायला हवं. बाबांनी ते वाक्य आम्हाला जेवताना वाचून दाखवलं, मग पाणी प्यायले आणि पुन्हा वाचलं.

"मिसळायचं म्हणजे नक्की काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही डबा कुठे खाता?" आईने विचारलं.

"जागेवर."

"मग ते मिसळणं नाही."

न्यूयॉर्कचे दोन टॉवर पडले त्याच्या पुढचं ते वर्ष होतं. सगळीकडे माणसं कमी करत होते. बाबांच्या मजल्यावर सोमवारी गेलं की एखादी खुर्ची रिकामी दिसायची आणि तिच्याबद्दल कोणी बोलायचं नाही. आमचा व्हिसा बाबांच्या नोकरीला बांधलेला, ग्रीन कार्डाचे कागद अर्ध्यात. नोकरी गेली आणि लगेच दुसरी मिळाली नाही तर सामान आवरून नागपूरला परत जायचं, एवढं सरळ गणित होतं. मी अकरावीत होते. बाराव्या वर्षी नागपूरची शाळा सोडून आले होते, इथली भाषा, इथले लॉकर, इथली गणिताची पद्धत कशीबशी अंगवळणी पडली होती. आता पुन्हा उलट दिशेने तेच करायला मी तयार नव्हते. आईबाबांनी हे माझ्यासमोर कधी बोलून दाखवलं नाही. पण आई नवीन भांडं घेत नव्हती आणि बाबांनी भिंतीला खिळा ठोकणं बंद केलं होतं, त्यावरून समजायचं ते समजत होतं.

तर मिसळायचं म्हणजे ग्रेगच्या जेवणाच्या टेबलावर बसायचं. आणि ग्रेगच्या टेबलावर ऑक्टोबरभर एकच विषय. ग्रेग भुताच्या सिनेमांचा भक्त होता. दर वर्षी हॅलोवीनपर्यंत ती सगळी मंडळी घरी सिनेमे बघायची, जेवताना त्यांच्यावर वाद घालायची आणि फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे मार्क लिहायची. मार्क भोपळ्यांत. चांगल्या सिनेमाला दहा भोपळे. हे ऐकून आई हसून हसून बेजार झाली. "आमच्या शाळेत एक मिळाला तरी पोरं रडायची!"

बाबांना मात्र हसू आलं नाही. त्यांना नवीन कॉम्प्युटर लँग्वेज शिकायला सांगितली असती तर महिन्यात शिकले असते. "भुताचे सिनेमे," ते म्हणाले. "एवढ्या सगळ्या विषयांतून."

आईने हात पुसले. आई नागपूरला पंधरा-सोळा वर्षं हायस्कूलला गणित शिकवत होती, बोर्डाचे पेपर तपासत होती. इथे तिच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नसे. सकाळी आम्ही दोघं बाहेर पडलो की ती, टीव्ही, आणि खालच्या हिरवळीवर चरणारी ती करडी रानटी बदकं. तिने मान हलवली आणि म्हणाली, "अहो, अभ्यासक्रम ठरलेला आहे, परीक्षेचा महिना ठरलेला आहे. मग घाबरायचं काय? सिनेमे मी बघते. मार्क मी देते. तुम्ही पाठ करून जा."

आज विचार केला तर ही कल्पना जगात दुसऱ्या कोणाला सुचली असती असं वाटत नाही. सहकाऱ्यांनी गंमत म्हणून चालवलेल्या खेळाची आमच्या घरात परीक्षा झाली. पण आम्हाला त्यात तेव्हा काहीच विचित्र वाटलं नाही. पुढे जायचं तर परीक्षा द्यायची, आणि परीक्षेला मार्गदर्शन लागतं, हे आमच्या घरात पाणी उकळतं तितकं उघड होतं.

मग दर शुक्रवारी मी आणि आई चालत भाड्याच्या कॅसेटच्या दुकानात जायचो आणि दोन-तीन सिनेमे आणायचो. आई नावं लक्षात ठेवत नसे, स्वतःची नावं द्यायची. दंतवैद्याचा. मधमाश्यांवाल्या म्हातारीचा. लिफ्टचा. सोफ्यावर ती ताठ बसायची, मांडीवर लसूण किंवा वालाच्या शेंगा, आणि हात चालू ठेवून बघायची. मी ओरडले तरी ती ओरडायची नाही. पहिल्याच सिनेमात कपाटातून एक प्रेत अंगावर पडलं, मी उशी तोंडावर घेतली, आणि आई म्हणाली, "याचे मार्क नाहीत."

"का? मी किती घाबरले!"

"तू दचकलीस. घाबरली नाहीस. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. म्हणून कुकरला काय सात द्यायचे?"

तिची तपासायची पद्धत पक्की होती. उत्तर कितीही भयंकर असलं तरी पायऱ्या दाखवल्या पाहिजेत. भूत भिंतीतून येतं ना, मग त्याला दाराची कडी काढायची काय गरज? मेलेल्या माणसाला जे जिवंतपणी ठाऊक नव्हतं ते आता कुठून कळलं? पहिल्या अर्ध्या तासात जो नियम सांगितला तो शेवटपर्यंत पाळला का? पाळला असेल, तर सिनेमात एक थेंब रक्त नसलं तरी ती आठ द्यायची. मधमाश्यांवाल्या म्हातारीला तिने आठ दिले होते. त्या सिनेमात म्हातारी शेवटपर्यंत दिसत नाही, नुसता तिचा स्वेटर रोज थोडा थोडा विणून झालेला दिसतो. तो बघताना आईच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. दंतवैद्याला तीन. "आणि तेही अक्षर बरं म्हणून."

नवरात्र मध्येच आलं. आईचे नऊ दिवसांचे उपवास. त्या शनिवारी ती साबुदाण्याची खिचडी घेऊन लिफ्टच्या सिनेमासमोर बसली, तेव्हा मी विचारलं, "उपवासाला भुतं चालतात?"

"भुतं चालतात," ती म्हणाली. "कांदा चालत नाही."

सोमवारी सकाळी नाश्त्याला तोंडी परीक्षा. गाडीत उजळणी करायची सोय नव्हती, कारण पार्किंगच्या पलीकडच्या इमारतीत पाठक काका राहायचे आणि ते आणि बाबा एकाच गाडीतून जायचे. पाठक काका पुण्याचे, बाबांच्याच टीममध्ये, बाबांसारख्याच व्हिसावर. बोलण्यात पटाईत. ते ग्रेगच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून बसत होते. दोघांपैकी एकालाच ठेवतील अशी कुणकुण होती, आणि दोघंही रोज एकमेकांना "काय म्हणतोस?" म्हणत एका गाडीत बसत होते. तेव्हा परीक्षा पोह्यांवर व्हायची.

"तळघराचं दार कोणी उघडलं?" आई विचारायची.

"बायकोने."

"बहिणीने! बायको आधीच मेली."

"कधी?"

"अहो, तुम्ही शंकरपाळ्यांचं पीठ मळत होतात तेव्हा. आता सांगा, सहाच मार्क का?"

बाबा डोळे मिटून सांगायचे, "कारण भुताला पाण्याची भीती असते असं म्हटलंय आणि नंतर ते पावसातून चालत येतं."

"शाबास. आणि पोरगी शेवटी वाचते ते?"

"ते आवडलं मला."

"तुम्हाला आवडलं, पण मार्क त्याचे नाहीत."

पहिल्या सोमवारी बाबा संध्याकाळी घरी आले ते बूट न काढताच स्वयंपाकघरात. त्यांनी ग्रेगच्या टेबलावर ते कुकरचं वाक्य टाकलं होतं. इंग्रजीत, प्रेशर कुकर म्हणजे काय ते समजावून. सगळं टेबल हसलं, ग्रेगने टेबलावर हात आपटला आणि फळ्यावर बाबांच्या नावाचा नवीन रकाना काढला. बाबा सांगताना थांबून थांबून हसत होते. ऑफिसातली गोष्ट घरी येऊन सांगताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. ते वाक्य आईचं होतं हे तिथे सांगायचं राहून गेलं. पुढच्या सोमवारी सांगणं आणखी अवघड झालं, आणि त्यापुढे तो विषयच संपला. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत शरद, म्हणजे बाबा, काय म्हणतो याची लोक वाट बघायला लागले होते. ग्रेग त्यांना "प्रोफेसर" म्हणायचा. डबा जागेवर खायचं बंद झालं. पाठक काका गाडीत म्हणाले म्हणे, "काय रे यार, तू तर छुपा रुस्तम निघालास. गणपतीत देखावा बघताना तुझा हात धरावा लागत असेल असं वाटायचं मला."

मग एक दिवस ग्रेगने सहज विचारलं, हे सगळे सिनेमे तू बघतोस कधी? बाबांनी खरं तेच सांगितलं: दुपारी, जेवल्यावर, घरी. ग्रेगला ते फार म्हणजे फारच आवडलं. भर उन्हात भुताचा सिनेमा! त्याला ते बघायचंच होतं. हॅलोवीनच्या आधीच्या शनिवारी त्या वर्षीचा शेवटचा सिनेमा प्रोफेसरच्या घरी बघायचा असं टेबलानेच ठरवून टाकलं.

बाबा घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा पीठ सांडल्यासारखा झाला होता.

"कोणता सिनेमा?" मी विचारलं. "नाव सांगा, आपण आधी आणून बघू."

"तो सांगत नाही. सरप्राइज आहे. तोच घेऊन येणार."

 मग आई म्हणाली, "बटाटेवडे करू. वडे गरम द्यावे लागतात. म्हणजे कोणीतरी कढईपाशी उभं राहायलाच हवं. सिनेमा संपला की तुम्ही चहाला म्हणून मला आत बोलवा, मी दोन मिनिटांत सांगते, मग तुम्ही बाहेर जाऊन बोला."

यात काहीही चूक दिसत नव्हती. आम्ही तिघांनी डेव्हन ॲव्हेन्यूच्या भारतीय दुकानांत जाऊन बेसन, मिरच्या, कोथिंबीर, चहाचा मसाला आणला. पार्किंग शोधण्यात अर्धा तास गेला आणि त्या अर्ध्या तासात बाबांनी एकदाही हॉर्नवाल्यांना नावं ठेवली नाहीत, इतके ते विचारात होते.

शनिवारी ग्रेग आला, टेस्टिंग विभागातली लिंडा आली, पाठक काका आले. काकू माहेरी पुण्याला गेल्या होत्या. ग्रेग प्रचंड मोठा, मऊ आवाजाचा माणूस. त्याने दाराशी विचारून बूट काढले आणि त्याच्या मोज्यांवर वटवाघळं होती. आईने सगळ्यांना बसवलं, पडद्याची दोरी ओढली आणि स्वतः सोफ्याच्या तिच्या रोजच्या कोपऱ्यात बसली. तिच्या मांडीवर त्या दिवशी शेंगा नव्हत्या. हात रिकामे ठेवायची सवय नसल्याने तिने पदराचं टोक धरून ठेवलं होतं. बाबा स्वयंपाकघरात.

"अरे, हे काय उलटंच," पाठक काका मराठीत ओरडले. "वहिनी सिनेमाला आणि तू चुलीपाशी?"

"वडे गरम हवेत ना," आतून बाबा.

"वहिनी, चांगला तयार केलाय हं तुम्ही."

"बसा हो भाऊजी," आई म्हणाली. "सुरू होतंय."

सिनेमा एका सरोवराकाठच्या घराचा होता. बुडून मेलेला भाऊ, मागे राहिलेली बहीण, कुलूपबंद होडीघर. पाच-पाच मिनिटांनी काहीतरी आदळायचं. लिंडा किंचाळायची, मग स्वतःलाच हसायची. पाठक काकांच्या बशीतली चटणी सांडली. ग्रेगसुद्धा एकदा "ओह बॉय" म्हणून मागे सरकला. मी वडे वाढत होते आणि अलार्मखाली टॉवेल हलवत होते. बाबा प्रत्येक किंकाळीला दाराआडून विचारायचे, "भारी आहे का?" आणि मी म्हणायचे, "लोक ओरडतायत." मीही तेव्हा सोफ्यावर नव्हते. आई काय म्हणतेय ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. ती काहीच म्हणत नव्हती.

सिनेमा संपला. पडद्यावर नावं वर सरकू लागली आणि आई उठणार एवढ्यात ग्रेगने आवाज दिला, "प्रोफेसर! बाहेर ये. आज पहिला मार्क यजमानाचा." लिंडाने टाळ्या वाजवल्या. बाबा झारा हातात घेऊनच बाहेर आले. चहाचा विषय काढायला वेळच मिळाला नाही. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, मग खोलीकडे. सगळ्यांचे चेहरे लाल, केस विस्कटलेले, चटणीचे डाग. दोन तास त्यांनी किंकाळ्या मोजल्यासारख्याच ऐकल्या होत्या. त्यावरून कोणाही शहाण्या माणसाने काढला असता तोच निष्कर्ष त्यांनी काढला.

"नाइन," बाबा म्हणाले.

"नो, नो," आई म्हणाली. "फोर."

ती मुद्दाम बोलली नव्हती. ते मी खात्रीने सांगते, कारण तिचा चेहरा मी बघत होते. एखाद्या पेपरावर चुकीचा आकडा पडलेला दिसला की तिचा हात आपोआप पुढे जायचा, तसं ते झालं. आणि एकदा सुरू झाल्यावर ती थांबली नाही. तिचं इंग्रजी वर्गातल्यासारखं होतं, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. होडीघराची किल्ली कुठे ठेवली ते फक्त बहिणीला माहीत होतं. भाऊ त्याच्या आधीच बुडालेला. मग भुताला किल्ली सापडली कशी? आणि भूत दारातून जाऊ शकतं तर त्याला किल्ली हवी कशाला? उत्तर बरोबर आणि पायऱ्या चुकीच्या, म्हणजे पोराने शेजारच्याचं बघून लिहिलंय. बाकी सगळा आवाज. आवाजाने माणूस दचकतो. प्रेशर कुकरनेही दचकतो.

कुकर म्हणाली आणि थांबली.

 लिंडाने बाबांकडे पाहिलं, मग आईकडे. पाठक काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं. "म्हणजे," ते मराठीत म्हणाले, "परीक्षेला वहिनी बसल्या आणि सर्टिफिकेट तुझ्या नावावर!"

"हो," बाबा मराठीत म्हणाले. मग ग्रेगकडे वळून इंग्रजीत सांगितलं, "सगळे मार्क तिचे आहेत. मी बघत नाही. मला भीती वाटते."

ते वाक्य मी घरात कधीच ऐकलं नव्हतं. ते त्यांनी झारा हातात धरून, ज्या माणसाच्या हातात आमचं सगळं होतं असं आम्हाला वाटत होतं, त्याला सांगितलं. ग्रेगचे खांदे हलायला लागले. तो इतका हसला की त्याने डोळे पुसले, मग आपली खुर्ची उचलून आईसमोर ठेवली आणि म्हणाला, किल्लीचं मान्य नाही. पुढचा अर्धा तास ते दोघं किल्लीवर भांडले. आई हरली नाही. बाबा आत गेले आणि उरलेले वडे तळले. बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून गॅसशी खेळायची आता गरज नव्हती, तरी ते बाहेर आले नाहीत.

सगळे गेल्यावर आई भांडी घासत होती.  मग बाबा म्हणाले, "चार जरा कमी नाही का झाले? एवढे ओरडले सगळे."

"तुम्ही बघितलात?" आई म्हणाली.

"नाही."

"मग?"

तिने नळ बंद केला. "मी बोलायला नको होतं," ती म्हणाली. बाबांनी पुसायचं फडकं घेतलं आणि एकेक ताटली पुसून ठेवू लागले. याहून जास्त त्या विषयावर ते दोघं बोलल्याचं मला आठवत नाही.

सोमवारी बाबा पोहे न खाता गेले. पण टेबलाने त्यांना उठवलं नाही. फळ्यावर त्यांचं नाव पुसून आईचं नाव लिहिलेलं होतं, स्पेलिंग चुकवून, आणि लोकांनी तिला विचारायच्या शंका बाबांजवळ दिल्या होत्या. आम्हाला वाटलं, सुटलो. त्या आठवड्यात दिवाळी आली. आईने कंदील लावला, बाबांनी चिवडा केला, काकू नसलेल्या घरी पाठक काका एकटेच म्हणून लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे जेवले. चार दिवस घरात बरं वाटत होतं. भिंतीला एक खिळासुद्धा ठोकला गेला.

त्यानंतर दोन आठवड्यांत बाबा आणि पाठक काका, दोघांनाही एकाच सकाळी काढलं.

दुपारी बाबा खोका घेऊन घरी आले. मी शाळेतून आले तेव्हा ते जेवणाच्या टेबलाशी बसून आईला सगळं क्रमाने सांगत होते. ग्रेग गाडीपर्यंत सोडायला आला होता. त्याचे डोळे ओले होते. त्याने सांगितलं की यात तुझं काहीच चुकलं नाही. हे सप्टेंबरमध्येच मुख्य ऑफिसात ठरलं होतं, दुसऱ्या शहरात, तुम्हाला कधी न पाहिलेल्या माणसांनी. ऑक्टोबरमध्ये तू काय केलंस, काय नाही, त्याने काही फरक पडणार नव्हता. बाबा आम्हाला हे दिलासा म्हणून सांगत होते. "म्हणजे त्या चार मार्कांमुळे नाही हं," ते आईला म्हणाले.

आईने विचारलं, "म्हणजे तो आपल्याकडे आला तेव्हा त्याला माहीत होतं?"

बाबा म्हणाले, "माहीत असणारच."

"आत तुम्ही तळताय, शेजारी पाठक. आणि त्याने बसून वडे खाल्ले."

"तो तरी काय करणार? त्याला सांगायची परवानगी नसेल."

"सांगू नको ना. पण येऊ नको."

मग तिने मला ग्रेगला फोन लावून स्पीकर चालू करायला सांगितलं. बाबा म्हणाले, "अगं, राहू दे," पण उठून अडवलं नाही. ग्रेगने फोन उचलला आणि आईचा आवाज ऐकून लगेच माफी मागायला सुरुवात केली. आईने त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं. मग तिच्या त्या सुट्या सुट्या इंग्रजीत म्हणाली, "मिस्टर ग्रेग, तुम्ही माझ्या घरी जेवलात. तेव्हा तुम्हाला माहीत होतं. का केलंत ते मी विचारत नाही. आता तुम्ही काय करणार, ते विचारते."

 आई वाट बघत उभी होती; वर्गात उत्तर येईपर्यंत थांबायची तिला सवय होती. मग ग्रेग म्हणाला की तो काही फोन करेल. "दोघांसाठी," आई म्हणाली. "पाठकसाठीसुद्धा." आणि ठेवला.

त्याने फोन केले, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याचा कॉलेजमधला मित्र नॉर्थ कॅरोलायनात होता, त्याच्या ओळखीने मॉरिसव्हिलच्या एका कंपनीने बाबांना बोलावलं आणि कागद वेळेत हलले. आम्ही भाड्याच्या ट्रकमधून कढई आणि सोफा घेऊन निघालो. पाठक काकांनी मात्र वाट बघितली नाही. काकू पुण्यातच होत्या, ते म्हणाले आता पुरे, आणि गेले. विमानतळावर बाबांना मिठी मारून म्हणाले, "चल प्रोफेसर," आणि दोघंही हसले.

बाबा पुढे मॉरिसव्हिलमध्ये वीसेक वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. ऑक्टोबर आला की तिथेही कोणीतरी विचारायचंच. बाबा पहिल्याच वर्षी सांगून मोकळे झाले की मला असले सिनेमे बघवत नाहीत, भीती वाटते. लोक म्हणाले, बरं. आणि दुसऱ्या विषयावर बोलायला लागले. बाबा घरी येऊन आईला आश्चर्याने सांगत होते, "एवढंच? एवढंच होतं होय?"

मी आता स्वतः एका मोठ्या कंपनीत आहे. माणसं कमी करायच्या बैठकांना मला बसावं लागतं, आणि बाहेर येऊन कोणालाही काही सांगता येत नाही, हे ग्रेगचं दुखणं मला पुरतं कळलं आहे. कायदा तसा आहे, आणि तो मी पाळते. ते आठवडे वाईट असतात. त्या आठवड्यांत टीममधलं कोणी वाढदिवसाला बोलावतं, कोणी नवीन घराच्या पूजेला. मी काहीतरी कारण सांगते आणि जात नाही. लोक मला माणूसघाणी म्हणतात. म्हणोत.